दोन महिने पुढचं घर

पेणला त्या घरात मी जून महिन्यात राहायला गेले आणि पहिल्याच संध्याकाळी ऑगस्टचा चहा प्यायले.

झालं असं, की सामान वरच्या खोलीत टाकून मी खाली आले, तर समोर भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर ऑगस्टचं पान. मला वाटलं, वाऱ्याने उलटलं असेल. नव्या भाडेकरूने जरा कामाचं दिसावं म्हणून मी उठले आणि पान मागे करायला हात घातला. तेवढ्यात आतून आवाज आला, "हात नको लावू गो! मोठ्या कष्टानं आणलाय तो ऑगस्ट!"

मागोमाग घरमालकीण आली. उंच, काटकुळी, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. हात कोपरापर्यंत मातीने पांढुरके, अंबाड्यात खोचलेला ब्रश, चष्मा कपाळावर. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "आमच्याकडं दोन महिने पुढं चालतं. वर खोलीत तुझा जून ठेव, माझी ना नाय. खाली आलीस की ऑगस्ट."

मी मनात म्हटलं, बाई, कुठे येऊन पडलीस!

मी रोह्याची, म्हणजे रोह्याला लागून असलेल्या वरसे गावची. पेणला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी लागली होती. रोज जाऊन-येऊन करायचं तर अर्धा जीव नागोठण्याच्या खड्ड्यांतच जायचा, म्हणून खोली बघितली. खोलीखाली घरमालकिणीचा, म्हणजे काकींचा, कारखाना. आमच्याकडे 'कंपनी' म्हटलं की केमिकलची, आणि पेणला 'कारखाना' म्हटलं की गणपतीचा. तिथे दुसरं काही विचारायचं नसतं. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून मूर्ती सुरू व्हायच्या. रंग न लावलेले, डोळे न आखलेले, पांढरेफेक गणपती रांगेने बसलेले असायचे आणि मी सकाळी त्यांच्यातून अंग चोरत कामाला जायचे.

कारखान्यात पाच-सहा कारागीर. त्यांतले रंगारी नाना सगळ्यात जुने. त्यांना मी एकदा हळूच विचारलं, "नाना, तुमच्या सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत. आज तारीख काय ते सगळ्यांना माहीत. मग हे सोंग कशाला?"

नाना म्हणाले, "सोंग कसलं? कारखान्यात काकींची तारीख. बाहेर पडलो की सरकारची."

हाच प्रश्न मी काकींनाही विचारला, कारण मला गप्प राहता येत नाही. म्हटलं, कोणाला फसवता? तर म्हणाल्या, "फसवायचं कोणाला गो? मन आळशी असतं. त्याला वेळ दिसला की ते लोळतं. म्हणून वेळ दाखवायचाच नाय."

घरात जुलैतच चतुर्थी यायची. त्या दिवशी यच्चयावत मूर्ती तयार पाहिजेत, म्हणजे पाहिजेतच. दसरा ऑगस्टमध्ये, दिवाळीचा चिवडा सप्टेंबरात. माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. ऑक्टोबरच्या एका सकाळी काकींनी ओवाळायला ताट आणलं तेव्हा मी म्हटलं, "काकी, अजून अवकाश आहे." तर ताट खाली न ठेवता म्हणाल्या, "आमच्याकडं आजच हाय. बस गुमान." बाहेर धो धो पाऊस पडत असताना ही बाई "आता थंडी पडेल" म्हणून गोधड्या उन्हात घालायची भाषा करायची. ऊन कुठे होतं म्हणा!

आणि एवढी घाई करणारी माणसं कशी धांदरट असतात, तशी ती मुळीच नव्हती. हे मला कळायला वेळ लागला. काकी सगळ्या पेणमधली सगळ्यात सावकाश बाई होती. मूर्ती वाळत ठेवली की तिच्याकडे ढुंकून बघायची नाही. कोणी हात लावायला गेलं की एकच वाक्य, "सुकू दे गो. घाई केली की तडा जातो." भात शिजतोय, सुकू दे. पोस्टमन पत्त्यासाठी थांबलाय, सुकू दे. मी क्लासातल्या साहेबावर चिडून राजीनामा लिहायला बसले, तेव्हा माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आज नाय. सुकू दे." तो राजीनामा मी कधीच दिला नाही, ते बरंच झालं.

"दोन महिने पुढं राहतो म्हणून तर थांबायला जमतं," त्या म्हणायच्या. "लोकांना आज आजच असतो, म्हणून धावतात."

आता कॉम्प्युटरकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

काकींचा पुतण्या पुण्याला नोकरीला जाताना आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेला होता. काकी त्यावर गिऱ्हाइकांना मूर्तींचे फोटो दाखवायच्या, परदेशातल्या ऑर्डरींच्या मेलला उत्तरं द्यायच्या. कॉम्प्युटर बसायच्या खोलीत, टेबलावर, ओल्या मूर्तींपासून लांब. त्याच्यावर एक फडकं. बसायच्या आधी हात धुवायचे, पुसायचे, मग फडक्याला नमस्कार केल्यासारखं ते उचलायचं.

ब्राउझर मराठीत केलेला होता. त्यावर काही अडलं की येणारी प्रत्येक सूचना काकी मोठ्याने वाचायच्या आणि तिला उत्तर द्यायच्या. क्लासात मी मुलांना शिकवून शिकवून दमायचे, की बाबांनो, समोर काय लिहिलंय ते आधी वाचा, नुसतं 'ओके' दाबत सुटू नका. इथे वाचणारी होती, पण वाचून काढलेला अर्थ ऐकला की मला हसू आवरायचं नाही. 'पान सापडत नाही' असं आलं की म्हणायच्या, "पत्ता बरोबर हाय, माणूस घर बदलून गेलाय." 'प्रतिसाद द्यायला खूप वेळ लागत आहे' म्हटलं की, "लागू दे. सुकू दे." आणि उठून दोन मूर्ती करून यायच्या. गंमत म्हणजे तेवढ्यात बऱ्याचदा पान उघडायचं सुद्धा.

पण 'तुमचे कनेक्शन खासगी नाही' असं आलं की काकींचा चेहरा बदलायचा. आधी उठून शेजारच्या बाजूची खिडकी लावायची. मग खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाशी येऊन कुजबुजायचं, "कोणतरी ऐकतंय." मी पोट धरून हसायचे. त्यांना सांगायचे, की काकी, खिडकीचा काही संबंध नाही. तर म्हणायच्या, "तुला नाय माहीत. शेजारीण चोंबडी हाय."

ही सूचना हल्ली फार यायला लागली होती. काही साइट धडाधड उघडायच्या, काहींवर ही लाल त्रिकोणाची पाटी. काकींचं त्यावाचून काही अडत नव्हतं, म्हणून मीही डोकं घातलं नाही. आणि मग अडलं.

ऑगस्ट सरत आला होता, चतुर्थी तोंडावर. म्हणजे खरी चतुर्थी. कारखान्यातून मूर्ती बाहेर पडत होत्या, टेम्पो लागत होते. अशा दुपारी काकी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. कधी यायच्या नाहीत. दार लावलं आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, खोली खाली करायला सांगतात की काय.

"गो, तुला एक सांगायचंय. हसायचं नाय."

"नाही हसणार."

"मला दहावीला बसायचंय."

मी हसले नाही. पण तोंड उघडं राहिलं असणार, कारण त्या लगेच रागावल्या. "बघ! म्हणून सांगत नव्हते कोणाला."

मग खाटेच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. काकींची शाळा नववीत सुटली. नापास झाल्या म्हणून नव्हे. वडलांच्या कारखान्यात आखणी करणारा माणूस सोडून गेला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड. पोरीचा हात स्थिर आहे हे वडलांच्या लक्षात आलं आणि दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. पुढे लग्न होऊन आल्या तोही कारखानाच. "आता काय दहावीचं लोणचं घालायचंय काय मला? पण गो, दरवर्षी निकाल लागला की गिऱ्हाईक मूर्ती सांगायला येतं आणि संगती पेढे. पोरगी पास झाली, पोरगा पास झाला. चाळीस वर्षं मी लोकांच्या दहावीचे पेढे खाते हाय. एकदा मला माझे वाटायचेत."

सगळ्या बाबतीत दोन महिने पुढे असलेली ही बाई या एका बाबतीत चाळीस वर्षं मागे थांबून राहिली होती.

घरी राहून परीक्षा द्यायची तर त्याचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. आणि फॉर्मचे दिवस नेमके गणपतीच्या धामधुमीत येतात. दरवर्षी हातातली मूर्ती ठेवून फॉर्मकडे बघेपर्यंत मुदत संपलेली. या वर्षी मात्र दाखला, फोटो, आधार, सगळं सुट्टीत आलेल्या पुतण्याकडून कॉम्प्युटरात घालून घेतलं होतं, बँकेच्या कामाला लागतं असं सांगून. ताकाला जाऊन भांडं लपवायची तऱ्हा! फक्त साइट उघडत नव्हती. आणि मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "चला क्लासात. तिथे दहा कॉम्प्युटर आहेत."

"क्लासात माझ्या गिऱ्हाइकांची पोरं. सगळ्या पेणला कळेल. आणि गणितात नापास झाले तर?"

मी माझ्या मोबाईलवर साइट लावली. लगेच उघडली. म्हणजे दुखणं साइटचं नव्हतं, खालच्या कॉम्प्युटरचं होतं. म्हटलं, मोबाईलवरच भरू. तर मोबाईल लांब धरून, जवळ धरून बघितला आणि परत दिला. "मुंगीएवढी अक्षरं. आणि टाइप तू करणार. नाय. माझा फॉर्म मी भरणार, माझ्या हातानं, मोठ्या पडद्यावर. तेवढं जमलं नाय तर परीक्षा काय देणार डोंबल?"

मी मोबाईल बाजूला ठेवला. खाली गेलो. मी पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, कामाला लागले. ब्राउझरची साठलेली अडगळ काढली. राउटर बंद करून चालू केला. व्हायरस तपासला. कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. पाटी आपली तीच, कनेक्शन खासगी नाही. काकी मागे उभ्या. मध्येच जाऊन खिडकी लावून आल्या. 'तरीही पुढे जा' असा एक चोरवाटेसारखा पर्याय असतो, पण ज्या पानावर आधार नंबर आणि दाखला टाकायचा तिथे ती वाट मी कोणालाच घेऊ देत नाही. क्लासात त्यावरून मुलांना ओरडते, आणि घरात तेच करायचं? मी हात टेकले. शेवटी म्हटलं, हा ब्राउझरच म्हातारा झालाय, नवा घालून बघू. नवा घालायला त्या दिवशीच्या नेटच्या कृपेने संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासातून लवकर सुटून आले. नवा ब्राउझर उघडला. साइटचा पत्ता टाकला. लाल पाटी आलीच, पण या वेळी वर मोठ्या अक्षरात वेगळंच लिहिलं होतं. काकींनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

"तुमचे घड्याळ पुढे आहे."

आणि खुदकन हसल्या. "हा नवा तरी शहाणा निघाला. आल्या आल्या ओळखलंन!"

मीही हसले. आणि मग माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे ऑक्टोबरची तारीख होती, काकींनी पुतण्याला सांगून पुढे करून घेतलेली. अडीच महिने मी त्या घरात राहत होते, खाली आले की ऑक्टोबर हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं, की काल चार तास त्याच पडद्यासमोर बसूनही ती तारीख मला दिसली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी काकींना समजावलं, की प्रत्येक साइटकडे एक ओळखपत्र असतं. त्याला मुदत असते, माझ्या एसटीच्या पासासारखी. मुदतीच्या आत ते नवीन करून घेतात. पण तुमच्या घरात ऑक्टोबर चालू आहे. तुमचा कॉम्प्युटर आजचा पास बघतो आणि म्हणतो, हा तर संपला, उतरा खाली. ज्यांचा पास लांबच्या मुदतीचा त्यांना तो आत घेतो. "तारीख आजची केली की झालं, काकी. एक मिनिटाचं काम."

काकींचं हसू मावळलं.

"आजची तारीख?"

"हो."

"या घरात?"

"कॉम्प्युटरात."

"कॉम्प्युटर काय रस्त्यावर हाय? नाय. अजून मूर्ती जायच्यात. शेवटची मूर्ती बाहेर पडेपर्यंत आजची तारीख आत घ्यायची नाय." एवढं बोलून सरळ कारखान्यात निघून गेल्या आणि ब्रश हातात घेऊन मूर्तीसमोर बसल्या.

माझं डोकं फिरलं. मी मागोमाग गेले. मुदत संपायला दोन-तीन तास उरलेले, आणि ही बाई तारखेवर रुसून बसलेली! नानांसमोर बोलायचं नव्हतं म्हणून दात आवळून हळू आवाजात म्हणाले, "काकी, तुम्हाला तारखेची भीती नाही. तुम्हाला गणिताची भीती आहे."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. पण कारागिरांकडे वळून म्हणाल्या, "जा रे सगळे, चहा पिऊन या. बाहेर प्या." सगळे गेले. नाना जाताना दार ओढून घेऊन गेले.

"भीती हाय गणिताची," काकी म्हणाल्या. "पण दुसरं पण हाय."

मग त्यांनी ते सांगितलं. त्यांचे यजमान होते तेव्हा कारखान्यात साधी तारीख असायची, जगाची असते तशी. माणूस हौशी आणि गोड. काही सांगितलं की म्हणायचे, अजून वेळ हाय. एका वर्षी पावसाने उसंतच दिली नाही, हवेत ओल, आणि मूर्ती वाळेचनात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी खाडीकडच्या मिठागरातलं एक कुटुंब मूर्ती न्यायला आलं. म्हातारा, त्याची सून, पोरंबाळं, झांजा, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर पाट. मूर्ती पुढे ओढली तर सोंडेचा रंग बोटाला आला. यजमान म्हणाले, सांभाळून न्या, जाईल. उचलायला गेले आणि हात मनगटापासून निखळून पडला. देवाचा.

"म्हातारा एक शब्द बोलला नाय गो. कनवटीची सुपारी काढलीन, पाटावर ठेवलीन, तिलाच नमस्कार केलान. आणि ती सुपारी घेऊन सगळी चालत गेली. पोरांनी झांजा पण वाजवल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." काकींनी डोळे पुसले, तर गालाला माती लागली. "ह्यांनी त्या दिवसापासनं हाय खाल्ली. पुढच्या वर्षी कारखाना माझ्याकडं आला तो मी दोन महिने पुढं नेला. त्या घरची मूर्ती सगळ्यात आधी करते. अजून येतात ती माणसं. पण आजची तारीख दिसली ना, की मला तो पाट दिसतो."

मी नुसती त्यांच्याजवळ बसले. बाजूला दोन-चार मूर्ती उरल्या होत्या, सगळ्या रंगवून, डोळे आखून, खणखणीत वाळलेल्या. मी त्यांतल्या एकीच्या हाताला बोट लावलं आणि म्हटलं, "काकी, त्यांची मूर्ती यंदा गेली ना?"

"केव्हाच गेली."

"ह्या वाळल्यात ना?"

"जुलैत वाळल्यात."

"मग आता आजची तारीख आली तर ती काय बिघडवणार आहे? तिला बघू दे की, तुम्ही सगळं आधीच करून ठेवलंय ते."

काकींनी त्याच हाताला स्वतःचं बोट लावून बघितलं. मग उठल्या, बादलीत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. बसायच्या खोलीचं दार लावलं. खिडकी लावली. कोनाड्यातल्या देवापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, "घे आत. पण फॉर्म होईपर्यंतच."

मी तारीख आजची केली. साइटचा पत्ता टाकला. पान उघडलं, साधं, पांढरं, कसलीही लाल पाटी नसलेलं. काकींनी माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या.

त्यांचं टाइप करणं बघण्यासारखं होतं. आखणी करताना करंगळी टेकवून हात स्थिर ठेवतात, तशी डाव्या हाताची करंगळी टेबलाच्या कडेला टेकवायची, श्वास रोखायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एक अक्षर. मग श्वास सोडायचा. एका रकान्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यात बघावं लागलं. तिथे शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, घरकाम. काकी म्हणाल्या, "खोटं हाय. मी डोळे काढत होते." आणि पुढे गेल्या. मी मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होते आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांनी अख्खा फॉर्म पुन्हा वरपासून वाचला. मी म्हटलं, "काकी, दाबा आता!" तर काय म्हणाल्या? "सुकू दे."

फॉर्म गेला. पोचल्याचा नंबर आला. काकी त्या नंबराकडे बघत खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "आता पुढं कर परत."

मी माउस हातात घेतला. मग त्याच म्हणाल्या, "राहू दे. पेपराची तारीख पण ह्याच्यावरच बघायची ना? कॉम्प्युटरात आजची राहू दे. भिंतीवरची मात्र माझी."

तेव्हापासून त्या घरात दोन तारखा झाल्या. कारखान्यात काकींची, टेबलावर जगाची. संध्याकाळी कारागीर गेले की काकी टेबलाशी बसायच्या आणि मी त्यांना गणित शिकवायचे. त्यांनी माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. भूमिती मात्र बघता बघता आली, कारण कोनाची नि गोलाची त्यांना जन्माची सवय. बीजगणितातल्या 'क्ष'वर त्यांचा विश्वास बसेना. "ज्याची किंमत माहीत नाय त्याला आधी दोन्हीकडं कशाला मांडायचा?" शेवटी आपलीच युक्ती काढली. पुस्तक दोन महिने आधी संपवायचं, म्हणजे डिसेंबरात वर्ष संपलं. मग उजळणी, सावकाश.

परीक्षेला त्या केंद्रावर इतक्या आधी पोचायच्या, की शिपाई फाटक उघडायच्या आधी बाकांवरची धूळ कोण पुसणार यावर त्यांचं त्याच्याशी बोलणं व्हायचं. शेवटचा पेपर देऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात पेढे वाटले. मार्च महिना! माझं लग्न रोह्याला ठरलं होतं, मी सामान बांधत होते. खाली आले तर सगळ्यांच्या हातात पेढे.

"काकी, निकाल कुठे लागलाय अजून?"

"आमच्याकडं लागला. आमच्याकडं मे संपत आला."

"आणि नापास झालात तर?"

"तर पेढे परत मागायला येणार हाय काय कोण?"

नाना तोंडातल्या तोंडात हसत होते. मीही पेढा घेतला. पण माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. सगळ्यांना वाटले, स्वतः मात्र खाल्ला नाही. मी बोट दाखवलं तर म्हणाल्या, "माझा राहू दे."

निकालाच्या दिवशी मी रोह्याहून पहिल्या एसटीने पेणला गेले. सासूबाईंना सांगितलं, मैत्रिणीचा निकाल आहे. खोटं काय त्यात! जाताना स्टॅन्डवर पाव किलो पेढे घेतले आणि पिशवीत तळाला दडवले.

काकी मूर्ती लिंपत बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. चेहरा उतरलेला. दोन महिने आधी पेढे वाटणारी ती बाई कुठे गेली होती कोण जाणे. म्हणाल्या, "तू बघ. मी नाय येत तिकडं."

वेळ झाली तशी मी साइट उघडली. उघडते कशाची! अख्खा महाराष्ट्र त्याच दारात. 'या साइटपर्यंत पोहोचता येत नाही.' मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तारीख बघितली, बरोबर होती. मी ओरडून सांगितलं, "उघडत नाही, काकी!"

कारखान्यातून आवाज आला, एकदम शांत. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"गर्दी हाय. सुकू दे."

मी हात मांडीवर ठेवून बसले. नाना दाराशी येऊन उभे राहिले, हातात ब्रश तसाच. बऱ्याच वेळाने दाबलं आणि पान आलं. काकींचा नंबर, काकींचं नाव. मी आधी खालची ओळ बघितली, मग वरची. गणितात काठावर. पण काठाच्या अलीकडे, आत.

"काकी, पास!"

मी धावत कारखान्यात गेले. काकी तशाच बसल्या होत्या, दोन्ही हात मातीत. मग उठल्या, बसायच्या खोलीत आल्या, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्रत्येक विषयाचा आकडा बोट न लावता वाचला. वाचून झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. तीही मोठ्याने.

मग कारखान्याच्या भिंतीपाशी गेल्या. मातीच्या हातांनीच कॅलेंडरची दोन पानं मागे उलटली. पानांवर पांढरी बोटं उमटली. नाना आणि कारागीर बघतच राहिले. त्या भिंतीवर आजची तारीख त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

मी पिशवीतून पेढे काढले. काकींनी हात पुढे केले, मातीचे बघून मागे घेतले आणि तोंड उघडलं. मी भरवला. त्या डोळे मिटून तो पेढा कितीतरी वेळ चघळत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसलं.

"उद्या सकाळी परत पुढं करीन गो," भरल्या तोंडाने म्हणाल्या. "पण आज आजच राहू दे."